वृद्धाश्रमात जाताय? आधी हे विचारा
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाळा-कॉलेजातल्या मुलांनी वृद्धाश्रमाला भेट द्यायची तर काय करावं, काय टाळावं, याबद्दल शिक्षक, रासेयोचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कार्यक्रम अधिकारी आणि विद्यार्थी यांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : नववीच्या तीन तुकड्या मिळून साठ मुलं आहेत. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, जवळच्या वृद्धाश्रमात सगळ्यांना न्यायचं ठरतंय. तिथे चाळीसेक आजी-आजोबा आहेत. सुरुवात कुठून करू?
— शिक्षिका, सातारा

सुरुवात हे दोन्ही आकडे बदलण्यापासून करा, मुलांचा आणि तारखेचा.

चाळीस आजी-आजोबांपैकी दहा-बारा जण अंथरुणावर असतात, काहींना त्या दिवशी बरं वाटत नसतं आणि काहींना कोणी आलेलं मुळात नकोच असतं. गप्पांना बाहेर येऊन बसणारे पंचवीसच्या आसपास उरतात. त्यांच्यासमोर साठ मुलं उभी राहिली की बोलणं होत नाही, नुसता गलका होतो. दोन मुलांची एक जोडी आणि त्या जोडीकडे दोन किंवा तीन ज्येष्ठ, हे प्रमाण चालतं. म्हणजे एका वेळी सोळा ते वीस मुलं पुरतात. तीन गट करा आणि तीन वेगवेगळ्या शनिवारी न्या. आश्रमालाही ते सोयीचं पडतं, कारण मोठ्या गटासाठी कर्मचाऱ्यांना हातातलं काम टाकून खुर्च्या मांडत बसावं लागतं.

आता तारीख. ज्येष्ठ नागरिक दिन, पितृपंधरवडा, दिवाळी आणि २६ जानेवारी या दिवसांत वृद्धाश्रमांत पाहुण्यांची रांग लागते. एकाच दिवशी तीन-तीन संस्था येतात, एकच आजी तीनदा ओवाळून घेते, तिसऱ्यांदा नाइलाजाने. आषाढ-श्रावणात मात्र फारसं कोणी फिरकत नाही. पावसामुळे अंगणातलं फिरणं बंद असतं, दिवस लांबलचक वाटतात, माणसाची गरज खरी तेव्हा असते. १ ऑक्टोबरला शाळेत कार्यक्रम घ्या आणि आश्रमात जुलैत किंवा नोव्हेंबरच्या शेवटी जा.

वेळ आश्रमाला ठरवू द्या. बहुतेक ठिकाणी साडेअकरा-बाराला जेवण, एक ते साडेतीन विश्रांती, चारला चहा आणि सातच्या आत रात्रीचं जेवण असा क्रम असतो. त्यामुळे सकाळी दहा ते सव्वाअकरा किंवा दुपारी सव्वाचार ते साडेपाच एवढीच वेळ हाती राहते. तेवढी पुरे. प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबलं म्हणून जेवण अर्धा तास पुढे ढकलणं ही साधी गोष्ट नाही. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळी घेतलेल्या माणसाला वेळेवर जेवण मिळालं नाही तर साखर उतरते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. म्हणून पाहुणे, भाषण आणि सत्कार हे तिन्ही कार्यक्रमातून काढून टाका.

भेटीच्या दोन-तीन आठवडे आधी एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी यांनी प्रत्यक्ष जाऊन व्यवस्थापकांना भेटावं. फोनवर सगळे 'या, या' म्हणतात, अडचणी जागेवर कळतात. विचारायचं ते असं : एकूण किती जण, त्यांत बायका किती, अंथरुणावर आणि चाकाच्या खुर्चीवर किती, कमी ऐकू येणारे आणि विस्मरणाचा आजार असलेले कोण, पथ्याचं खाणारे किती, कर्मचारी किती. बसायची जागा आणि मुलांसाठी स्वच्छतागृह आहे का, तेही पाहून घ्या. सगळे ऐंशीच्या घरातले असतील असं गृहीत धरू नका. राज्याच्या अनुदानित वृद्धाश्रमांत पुरुषांना साठाव्या आणि स्त्रियांना पंचावन्नाव्या वर्षापासून प्रवेश मिळतो. पंचावन्न वर्षांच्या बाईला नववीच्या मुलीने 'आजी' म्हटलेलं आवडेलच असं नाही.

मग शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. त्यात तारीख, येण्या-जाण्याची वेळ, मुलांची संख्या, सोबतचे शिक्षक आणि काय करणार ते लिहा. पालकांचं संमतिपत्र घ्या. ज्या मुलाला सर्दी, खोकला, ताप, जुलाब किंवा अंगावर खरूज असेल त्याने त्या दिवशी घरी राहायचं. यात सवलत नको. मुलाचा दोन दिवसांचा फ्लू आश्रमात पसरला की तिथे न्युमोनियापर्यंत जातो.

प्रश्न : वर्गणी आणि रद्दी विकून बारा हजार रुपये जमले. ब्लँकेट आणि फळं घ्यावीत असं बहुमत आहे. बरोबर आहे का?
— अकरावीचा विद्यार्थी, नाशिक

ब्लँकेट नको. दर हिवाळ्यात इतकी येतात की आश्रमाची कपाटं भरलेली असतात. शिवाय जाड ब्लँकेट हाताने धुणं आणि पावसाळ्यात वाळवणं कर्मचाऱ्यांच्या जिवावर येतं.

आश्रमाला 'काय आणू?' असं विचारलंत तर संकोचाने 'काहीही चालेल' असं उत्तर येतं. त्याऐवजी 'या महिन्यात काय संपत आलंय?' असं विचारा. उत्तर बहुधा मोठ्यांचे डायपर, फिनेल, हातमोजे, कपड्यांचा साबण, तूरडाळ किंवा तेलाचा डबा असं असतं. यातलं काही फोटोत छान दिसत नाही, म्हणूनच कोणी देत नाही.

डायपरचा हिशेब करून पाहा. अंथरुणावरच्या एका माणसाला दिवसाला तीन ते चार लागतात, म्हणजे महिन्याला शंभराच्या वर. दहाच्या पाकिटाला चारशे रुपये धरले तर तुमच्या बारा हजारांत तीस पाकिटं, म्हणजे तीनशे नग येतात. तीन माणसांचाही महिना जेमतेम निघतो. एवढा तो खर्च आहे आणि तो दर महिन्याला आश्रमाच्या डोक्यावर असतो. घेताना माप विचारून घ्या. मोठं घेतलं तर मांडीकडून गळतं, लहान घेतलं तर कातडी सोलते. सोबत अंगाखाली अंथरायचे साठ बाय नव्वद सेंटिमीटरचे अंडरपॅड घेतले तर चादरी वाचतात. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घेणार असाल तर यंत्राचा ब्रँड आणि मॉडेल लिहून न्या. एका यंत्राच्या पट्ट्या दुसऱ्याला चालत नाहीत आणि उघडलेली डबी दुकानदार परत घेत नाही.

कपडेच द्यायचे असतील तर पुढून बटणं असलेले सुती गाऊन आणि मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या तळाच्या चपला द्या. चादरी फिक्या रंगाच्या घ्या, डाग किंवा रक्त लगेच दिसतं. घरातले जुने कपडे धुऊन, इस्त्री करून आणि बटणं तपासून मगच द्या. उरलीसुरली औषधं मात्र अजिबात नेऊ नका.

पैसे देणार असाल तर संस्थेच्या नावाने चेक किंवा संस्थेच्याच खात्यावर यूपीआय करा आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती घ्या. आयकराच्या ८०-जी सवलतीचं कोणी पालक विचारतीलच : वस्तूंच्या दानावर ती मिळत नाही, दोन हजारांच्या वरच्या रोख रकमेवरही नाही. आणि शाळेबाहेर, बाजारात डबा फिरवून लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी घ्यावी लागते. मुलांनी त्या फंदात पडू नये. शाळेतल्या शाळेत वर्गणी, रद्दी, दिवाळीला आकाशकंदिलांचा स्टॉल एवढं पुरतं.

आणखी एक. राज्य सरकारची मातोश्री वृद्धाश्रमांची योजना १९९५ मध्ये आली, तेव्हापासून तिथे काही जागा विनाशुल्क आणि काही शुल्क भरणाऱ्यांच्या असतात. खासगी वृद्धाश्रमांत तर बहुतेक जण स्वतःच्या पेन्शनमधून पैसे भरतात. निवृत्त हेडमास्तरांना रांगेत उभं करून साबणाची वडी हातात देणं हा त्यांचा अपमान आहे. सगळं सामान कार्यालयात जमा करा.

प्रश्न : मुलींना घरून डबे करून न्यायचे आहेत. चालेल का? किती लागेल?
— गृहविज्ञान शिक्षिका, कोल्हापूर

वीस घरांतून आलेले वीस डबे नकोत. कोणत्या डब्यात मीठ किती, शेंगदाणे आहेत का, सकाळी किती वाजता केलं, याचा पत्ता लागत नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, कडक उन्हाळ्यात तासाच्या वर नाही. सहाला केलेला पदार्थ अकराला वाढला की ओल्या खोबऱ्याची चटणी आणि भाताचे प्रकार आधी दगा देतात.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आश्रमाला एका वेळच्या जेवणाचे पैसे देणं. बऱ्याच ठिकाणी त्याचा ठरलेला दर असतो आणि तिथल्या आचाऱ्याला कोणाचं मीठ कमी, कोणाचं वाटून, हे पाठ असतं. तुम्हाला करायचंच असेल तर त्यांच्याच स्वयंपाकघरात, आचाऱ्याला विचारून, एक मऊ पदार्थ आणि चहा करा.

उपमा चांगला. एक किलो रव्याचा साधारण चार किलो उपमा होतो, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या पंचवीस-सव्वीस प्लेटा. चाळीस रहिवासी आणि आठ कर्मचारी धरले तर दोन किलो रवा पुरतो. कर्मचाऱ्यांना मोजायला लोक हमखास विसरतात आणि मग दिवसभर राबणाऱ्या मावशी रिकाम्या बशा धुतात. एक वाटी रव्याला नेहमीच्या अडीचऐवजी तीन वाट्या पाणी घाला. शेंगदाणे, काजू, अख्खी मोहरी-उडीद टाळा. जिरं आणि किसलेलं आलं चालतं. मीठ बेताचं घालून वेगळं मीठ टेबलावर ठेवायचा मोह आवरा. रक्तदाबाचे रुग्ण नेमके तेच उचलतात. पोहे गार झाले की कोरडे पडतात आणि कवळी नसलेल्यांच्या घशात अडकतात. साबुदाण्याची खिचडी चिकट, शिवाय दाण्यांचं कूट, तीही नको.

चहा सगळ्यांचा बिनसाखरेचा करा आणि ज्यांना चालते त्यांना साखर कपात घाला. अठ्ठेचाळीस कपांना तीन लिटर दूध आणि तीन लिटर पाणी आटून बरोबर होतं. अर्धांगवायू झालेल्यांना चहा-पाण्यासारखं पातळ गिळताना ठसका लागतो, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशांना मुलांनी काहीही भरवायचं नाही, ते काम मावशींचं. फळांत पिकलेलं केळं आणि पपई सगळ्यांना सोपी वाटते, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला केळं आणि शहाळं दोन्ही वर्ज्य असतं, पोटॅशियममुळे. पेरूच्या बिया आणि तीळ कवळीखाली जाऊन हिरड्या सोलतात. संक्रांतीला तिळगूळ न्यायचाच तर कडक लाडू नको, मऊ वडी न्या, तीही कवळी नसलेल्या आणि मधुमेह नसलेल्यांसाठी. बाकीच्यांना 'गोड बोला' म्हणायला वडी लागत नाही.

आणि कॅलेंडर पाहा! संकष्टी किंवा एकादशीला उपमा घेऊन गेलात तर निम्म्यांचा उपास निघतो.

प्रश्न : नाच, गाणी, स्पीकर असा दोन तासांचा कार्यक्रम बसवलाय. शेवटी आजींसाठी हळदीकुंकू. काही सूचना?
— सांस्कृतिक विभाग, कनिष्ठ महाविद्यालय, ठाणे

दोन तास फार झाले. खुर्चीवर ताठ बसून पाऊण तासाने पाठ भरून येते आणि लघवीला जायचं असूनही संकोचाने कोणी उठत नाही. चाळीस मिनिटांत आटपा.

मोठा स्पीकर नको. श्रवणयंत्र लावणाऱ्याला तो आवाज कानात फुटल्यासारखा होतो, तो यंत्रच काढून ठेवतो आणि मग पुढचं काहीच ऐकत नाही. पेटी आणि टाळ पुरतात. वायर जमिनीवरून न्यावीच लागली तर भिंतीच्या कडेने, चिकटपट्टीने दाबून. येण्या-जाण्याच्या वाटेवर रांगोळी आणि फुलांच्या पाकळ्या नकोत, पाय सटकतो. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुष्कळदा माणूस पुन्हा पूर्ववत चालत नाही. फुगे फुटतात तेव्हा काही जण दचकून उठायला जातात. पाया पडायला मुलांची झुंबड उडते, त्यात आशीर्वाद द्यायला वाकलेले आजोबाच तोल जाऊन पडतात. हात जोडून नमस्कार करा.

हळदीकुंकवाचा विचार बदला. आश्रमातल्या बऱ्याचजणी विधवा आहेत. काहींना आता कुंकू लावून घ्यायला काही वाटत नाही, काही खोलीतून बाहेरच येत नाहीत, आणि कोण कोणत्या बाजूची ते तुम्हाला बाहेरून कळणार नाही. शिवाय सगळ्या हिंदू असतील असंही नाही. नवरात्रात भोंडला करा. पाटावर हत्ती मध्ये ठेवा, भोवती खुर्च्या आणि चाकाच्या खुर्च्यांचा फेर, मुलींनी फेर धरायचा आणि गाणी आजींनी सांगायची. एरवी गप्प बसणाऱ्या बायकांना सगळी कडवी पाठ असतात. खिरापत ओळखण्यात तर त्या मुलींना सहज हरवतात. राखी बांधायची तर साध्या सुती दोऱ्याची आणि सैल. म्हातारपणी कातडी पातळ होते, हाताला सूज असते, जरीची राखी आठ दिवस तशीच राहून जखम करते.

प्रश्न : मला बोलायलाच सुचत नाही. गेल्या वेळी एका आजींनी मला चार वेळा तोच प्रश्न विचारला. काय बोलू?
— दहावीची विद्यार्थिनी, डोंबिवली

न सुचणं साहजिक आहे. उभ्याने बोलू नका. प्लास्टिकची खुर्ची ओढून समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, तीन फुटांवर, तुमच्या तोंडावर उजेड येईल असं. ओरडू नका. ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि बारीक आवाज आणखीच फाटतो. आवाज जरा खालच्या पट्टीत, शब्द सावकाश. आधी स्वतःचं नाव, शाळा आणि गाव सांगा, मग 'तुम्हाला काय म्हणू?' असं विचारा. कोणी आजी म्हणेल, कोणी बाई, कोणी सर. अहो-जाहो ठेवा.

'मुलं किती? भेटायला येतात का? इथे का राहता?' हे तीन प्रश्न कटाक्षाने टाळा. त्यांचं उत्तर त्यांना द्यावंसं वाटलं तर ते देतीलच. गाव कुठलं, तिथली जत्रा कधी असते, नोकरी कुठे होती, गिरणीत की एसटीत की शेतावर, पहिला पगार किती आणि त्याचं काय केलं, पुरणाला डाळ किती शिजवायची, या प्रश्नांवर अर्धा तास जातो. हातात काहीतरी घेऊन जा : अडकित्ता, जुनी नाणी, मूठभर हुरडा किंवा वालाच्या शेंगा, त्या दिवसाचा पेपर. वस्तू हातात असली की प्रश्न विचारावे लागत नाहीत. शेंगा सोलता सोलता गप्प बसलं तरी चालतं.

चार वेळा तोच प्रश्न आला तर चार वेळा तेच उत्तर, पहिल्यासारख्याच आवाजात द्या. 'आत्ताच सांगितलं ना' म्हटलं की त्यांना उत्तर आठवत नाही, आपलं काहीतरी चुकलं एवढंच कळतं. विस्मरण असलेल्यांना 'ओळखलंत का मला?' असं कधीच विचारू नका, दर वेळी नाव सांगा. त्या वारलेल्या नवऱ्याची वाट पाहत असतील तर 'ते गेले' असं सांगून दुरुस्ती करायची नाही. 'त्यांना काय करून घालायचात?' असं विचारा.

निघताना 'पुन्हा नक्की येईन' म्हणायची सवय असते. तारीख ठरली नसेल तर म्हणू नका. तिथे लोक वाट पाहतात.

प्रश्न : रासेयोच्या अहवालाला फोटो लागतात आणि मुलं रील टाकतात. काय नियम ठेवावा?
— कार्यक्रम अधिकारी, अहिल्यानगर जिल्हा

मोबाइल एका पिशवीत जमा, फोटो एकाच माणसाने काढायचे. अहवालासाठी विद्यार्थी, आश्रमाची पाटी आणि दिलेलं सामान एवढं पुरतं. कुणाचा चेहरा येणार असेल तर व्यवस्थापकांची आणि त्या व्यक्तीची, दोघांचीही परवानगी हवी. विस्मरण असलेल्याचा होकार धरायचा नाही. आपण वृद्धाश्रमात आहोत हे काहींनी गावाकडे कळवलेलं नसतं, एका रीलमुळे ते गावभर होतं. रासेयोच्या वर्षाच्या १२० तासांत या भेटी धरायच्या असतील तर दर महिन्याला ठरलेल्या शनिवारी दोन तास आणि आश्रमाच्या वहीत सही, हा पुरावा फोटोपेक्षा पक्का.

प्रश्न : मुलांना नखं कापणं, बीपी तपासणं अशी सेवा करता येईल का?
— पालक, लातूर

नाही. मधुमेह्याच्या पायाचं नख जरा खोल कापलं गेलं तर ती जखम महिनोन्महिने बरी होत नाही. बीपी पाहून 'वाढलंय' असं सांगून निघून जाणं म्हणजे नुसती काळजी लावणं. कोणाला दंडाला धरून खुर्चीतून उठवायचं नाही, खांदा निखळतो. चाकाची खुर्ची ढकलायची तर आधी ब्रेक आणि पाय ठेवायच्या पट्ट्या कर्मचाऱ्याकडून शिकून घ्या.

मुलांना जमण्यासारखं भरपूर आहे : पेपर वाचून दाखवणं, पत्र लिहून देणं, मोबाइलमधली भरलेली जागा रिकामी करून देणं, आधी ठरवून नातवाशी व्हिडिओ कॉल लावणं, चष्मे पुसून त्यांच्या दांड्यांचे स्क्रू घट्ट करणं. नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची धावपळ असते. ऐंशीच्या वरच्या केंद्रीय पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. आता चेहरा दाखवून मोबाइलवर जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल स्वरूपात, काढता येतं, त्यामुळे बोटांचे ठसे पुसलेल्यांचीही सोय झाली. कॉलेजची मुलं यात मदत करू शकतात, पण आश्रमाच्या मोबाइलवर, कर्मचारी शेजारी बसलेला असताना. आधारचा फोटो किंवा ओटीपी स्वतःच्या मोबाइलवर एकानेही घ्यायचा नाही.

प्रश्न : एका आजोबांनी पाचशेची नोट आणि मुलाचा नंबर देऊन 'त्याला सांग, मला घेऊन जा' असं सांगितलं. मी नंबर घेतला. फोन करू का?
— बी.ए.चा विद्यार्थी, पुणे

फोन करू नका. त्या घरात काय घडलं ते तुम्हाला माहीत नाही आणि आजोबांना विस्मरण आहे का, हेही नाही. नंबर आणि निरोप दोन्ही तुमच्या शिक्षकांमार्फत व्यवस्थापकांना सांगा. नोट घेतली असेल तर ती कार्यालयात जमा करून त्यांच्या नावावर लिहायला सांगा. 'मी ऑफिसात सांगितलं' हे आजोबांना खरं तेच कळवा.

तक्रार आश्रमाबद्दलच असेल, म्हणजे मारहाण, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं, पैसे काढून घेणं, किंवा अंगावर तसे वळ दिसले, तर तिथे वाद घालू नका. बाहेर आल्यावर पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं लिहा, तारीख-वेळ टाका आणि शिक्षकांनी १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावं. जिवाला धोका वाटला तर ११२.

प्रश्न : वृद्धाश्रमाऐवजी बालगृहात जायचं असेल तर हेच नियम का?
— शिक्षक, रत्नागिरी

नाही. तिथे अधीक्षकांची लेखी परवानगी आधी लागते आणि मुलाचं नाव, फोटो किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. खाऊ वाटपापेक्षा आठवड्याला एक तास गणित किंवा खो-खो शिकवणारे कॉलेजचे विद्यार्थी तिथे जास्त उपयोगी पडतात, पण निदान एक शैक्षणिक वर्ष सलग येणार असाल तरच सुरुवात करा.